नोंदीबाहेरचा बाजार : संक्रमणकाळातील रशियाचे दैनंदिन अर्थकारण

सन १९९२ च्या जानेवारी महिन्यातील कडाक्याच्या थंडीत मॉस्कोतील लुब्यांका चौकाजवळच्या ‘देत्स्की मीर’ या मुलांच्या वस्तूंच्या सुप्रसिद्ध दुकानाबाहेर माणसांची एक लांबच लांब रांग उभी होती. रशियाच्या आर्थिक सुधारणांचे त्या वेळचे प्रमुख सूत्रधार येगोर गैदार यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग नमूद केला आहे. मोटारीतून जाताना त्यांची नजर त्या रांगेवर पडली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना वाटले, दुकानात काही माल आला असावा. प्रत्यक्षात ती खरेदीदारांची रांग नव्हतीच; ते सारे विक्रेते होते. कोणाच्या हातात सिगारेटची चार पाकिटे, कोणाकडे डबाबंद अन्न, कोणाकडे लोकरीचे मोजे, तर कोणाकडे एखादी बाटली. अनेकांनी आपल्या कपड्यांवर वर्तमानपत्रातील एक कात्रण टाचणीने लावले होते. नागरिकांना व्यापाराचे स्वातंत्र्य देणाऱ्या राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या हुकुमाचे ते कात्रण होते.

हे कात्रण छातीवर लावण्याची गरज त्या लोकांना का भासली असावी? उत्तर त्यांच्या कायद्याच्या इतिहासात आहे. रशियन प्रजासत्ताकाच्या १९६० च्या दंडसंहितेतील कलम १५४ अन्वये नफ्यासाठी वस्तू विकत घेऊन पुन्हा विकणे हा गुन्हा होता. त्याला ‘सट्टेबाजी’ असे नाव होते आणि त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा होत असे. कालपर्यंत जो अपराध होता, तोच आज उपजीविकेचा मार्ग झाला. परंतु पोलिसाने हटकले तर दाखवण्यासाठी हातात कागद असावा, एवढी खबरदारी सामान्य माणूस घेणारच. कायदा एका दिवसात बदलतो. कायद्याविषयीची भीती बदलण्यास अधिक काळ लागतो.

राज्यकर्त्यांनी आखलेली अर्थव्यवस्था कोसळत असताना आणि नवी अद्याप उभी राहिली नसताना कोट्यवधी कुटुंबांनी आपली चूल कशी पेटती ठेवली, याचे रशियातील १९९० ते २००० हे दशक एक मोठे उदाहरण आहे. प्रशासनात काम करणाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी ते समजून घेणे अनेक दृष्टींनी उपयुक्त ठरेल.

संज्ञेचा उगम

शासकीय नोंदीत न येणाऱ्या अशा अर्थव्यवहाराला आज ‘अनौपचारिक अर्थव्यवस्था’ म्हणतात. ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय कीथ हार्ट या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाला दिले जाते. घाना देशातील आक्रा शहरात पोट भरण्यासाठी आलेल्या स्थलांतरितांचा अभ्यास करून १९७१ साली एका परिषदेत त्यांनी आपला निबंध मांडला व तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी दप्तरी ज्यांची गणना बेकारांत होई, ती माणसे प्रत्यक्षात दिवसभर काही ना काही उद्योग करीत होती, असे त्यांच्या निदर्शनास आले. दरम्यान १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने केनियाविषयी दिलेल्या अहवालामुळे या कल्पनेला जगभर मान्यता मिळाली. येथे हेही लक्षात घेण्यासारखे आहे की, हा शब्द जन्माला येण्यापूर्वीच, १९६९ साली, महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला होता. ज्या कामगाराला एक ठरावीक मालक नाही, त्याची नोंद मंडळामार्फत करून त्याला संरक्षण द्यावे, अशी त्यामागील कल्पना होती. नाव नसले तरी प्रश्न होता, आणि तो आपल्याकडे ओळखला गेला होता.

रांग, जाळीची पिशवी आणि ओळख

सोव्हिएत राजवटीत अनौपचारिक व्यवहार नव्हते, असे मानणे चुकीचे ठरेल. ग्रेगरी ग्रॉसमन या अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञाने १९७७ साली लिहिलेल्या निबंधात त्याला ‘दुसरे अर्थकारण’ असे संबोधले होते. नियोजन मंडळाच्या आराखड्यात प्रत्येक कारखान्याचा माल, त्याची किंमत आणि त्याचे गिऱ्हाईक ठरलेले असे. किंमत सरकारने स्वस्त ठेवलेली, परंतु माल पुरेसा नाही. मग पैसा खिशात असूनही वस्तू हाती लागत नसे. रशियन माणूस ‘विकत घेतले’ असे म्हणण्याऐवजी ‘मिळवले’ म्हणे, आणि दुकानापुढे रांग दिसली की ‘काय विकताहेत?’ असे न विचारता ‘काय देताहेत?’ असे विचारी. वाटेत अचानक काही मिळाले तर जवळ असावी म्हणून लोक जाळीची एक घडीची पिशवी बाळगत. तिचे नावच मुळी ‘कदाचित’ या अर्थाच्या शब्दावरून पडले होते.

जे दुकानात नाही ते ओळखीतून मिळे. या पद्धतीला तिकडे ‘ब्लात’ म्हणत. आपल्याकडील ‘वशिला’ हा शब्द त्याच्या जवळ जातो, पण तो पुरता जुळत नाही. वशिल्यात वरच्याकडे हात पसरावा लागतो. ब्लातमध्ये खाटिक, दंतवैद्य, शिक्षिका आणि नाटकगृहाचा तिकीटविक्रेता हे सारे बरोबरीच्या नात्याने एकमेकांच्या उपयोगी पडत. त्यात रोख पैसा सहसा येत नसे. अलेना लेदेनेवा या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९८ च्या आपल्या ग्रंथात या परस्पर उपकारांच्या व्यवहाराचे सविस्तर विवेचन केले आहे. मात्र ज्याच्या हाती देण्याजोगे काहीच नाही, अशा एकाकी वृद्धाला त्या साखळीत स्थान नव्हते, हेही विसरता कामा नये.

शेतीचीही तीच कथा. सामुदायिक शेतीवरील कुटुंबाला घराभोवतीचा लहानसा तुकडा स्वतःसाठी कसण्याची मुभा १९३५ च्या नियमावलीने दिली होती. लागवडीखालील एकूण जमिनीत अशा खाजगी तुकड्यांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता. परंतु देशाच्या एकूण शेती उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा त्यांतून येई, असे १९७० च्या दशकातील आकडे सांगतात. या आकड्यांत जनावरांना लागणारा चारा व दाणा सामुदायिक शेतीतूनच येई, ही गोष्ट दडलेली आहे. तरीही फरक डोळ्यात भरणारा आहे.

किमती मोकळ्या झाल्या

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले आणि २ जानेवारी १९९२ पासून रशियन सरकारने बहुतेक वस्तूंच्या किमतींवरील नियंत्रण उठवले. दुकानांतील फळ्यांवर माल दिसू लागला, हे खरे. परंतु त्या एका वर्षात किमती सुमारे २६ पट वाढल्या. वर्षाच्या आरंभी बचत बँकेत शंभर रूबल असलेल्या माणसाला वर्षअखेरीस त्यातून जेमतेम चार रूबलांचा माल मिळू शकत होता. ज्यांनी आयुष्यभर काटकसर करून म्हातारपणाची सोय लावली होती, त्यांची सोय काही महिन्यांत नाहीशी झाली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या स्त्रिया भुयारी रेल्वेच्या स्थानकांबाहेर घरातील भांडी, पुस्तके, विणलेल्या टोप्या विकताना दिसू लागल्या, त्यामागील कारण हे होते.

धोटे

या काळात व्यापाऱ्यांचा एक नवाच वर्ग उदयास आला. रशियन भाषेत त्यांना ‘चेल्नोक’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ धोटा. मागावर धोटा जसा या काठापासून त्या काठापर्यंत अखंड धावतो, तशी ही माणसे देशाच्या सीमेवरून ये-जा करीत. इचलकरंजी, मालेगाव वा सोलापूरच्या वाचकाला ही उपमा समजावून सांगावी लागू नये.

इस्तंबूलमधील लालेली पेठ हे त्यांचे सर्वांत मोठे ठाणे. तेथून चामड्याची जाकिटे, स्वेटर आणि कापड येई. पूर्वेकडे आमूर नदीच्या एका तीरावर रशियाचे ब्लागोवेश्चेन्स्क आणि समोरच्या तीरावर चीनचे हैहे. तेथे नदी ओलांडून माल आणला जाई. पोलंड, बीजिंग, दुबई आणि आपली दिल्लीदेखील त्यांच्या फेऱ्यांत होती. चौकड्यांच्या प्लॅस्टिकच्या अवाढव्य पिशव्या ही या व्यापाराची खूण ठरली. प्रवासी म्हणून स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या सामानावर ठरावीक मर्यादेपर्यंत जकात नव्हती, आणि साऱ्या व्यापाराचा पाया याच सवलतीत होता. १९९६ साली ही मर्यादा कमी करून ५० किलो वजन व १,००० डॉलर किमतीपर्यंत आणली गेली. तोवर हा व्यापार इतका फोफावला होता की, देशाच्या एकूण आयातीचा हिशेब मांडताना सांख्यिकी खात्याला धोट्यांच्या पिशव्यांतील मालाचा स्वतंत्र अंदाज करून तो मिळवावा लागे. आणि तो अंदाज एकूण आयातीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी नसे.

ही माणसे पिढीजात व्यापारी नव्हती. शिक्षिका, अभियंते, संशोधन संस्थांतील साहाय्यक, परिचारिका अशांचा त्यांत मोठा भरणा होता आणि स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. नोकरीवर नाव कायम, पगार नाममात्र किंवा थकलेला, म्हणून रजा काढून इस्तंबूलची फेरी करायची आणि आठवड्याच्या अखेरीस क्रीडांगणात भरणाऱ्या बाजारात माल विकायचा. मॉस्कोतील लुझ्निकी क्रीडांगण त्या काळी असा बाजार म्हणून गाजले. पोलंडमध्येही वॉर्साचे ‘दशकपूर्ती क्रीडांगण’ १९८९ नंतर युरोपातील सर्वांत मोठ्या खुल्या बाजारांपैकी एक बनले. त्याच जागी २०१२ मध्ये नवे राष्ट्रीय क्रीडांगण खुले झाले.

ज्या समाजाने दोन पिढ्या ‘सट्टेबाज’ हा शब्द शिवीसारखा वापरला, त्या समाजातील शिक्षिकेला आपल्याच विद्यार्थ्याच्या आईपुढे स्वेटर मांडून उभे राहणे किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. कष्ट, चोरीची भीती, सीमेवरील लाचखोरी हे सारे होतेच; पण पुष्कळांना सर्वांत जड गेली ती लाज. पुढे मात्र समाजाने त्यांची कदर केली. ब्लागोवेश्चेन्स्क येथे आणि येकातेरिनबुर्ग शहरात धोट्यांचे पुतळे उभारण्यात आले आहेत. हातात पिशव्या घेतलेल्या सामान्य माणसाचा पुतळा उभारला जाण्याचे उदाहरण विरळाच.

पगाराऐवजी काचेची भांडी

शहराबाहेरील मोठ्या कारखान्यांची गोष्ट याहून निराळी आहे. १९९० ते १९९८ या काळात रशियाचे राष्ट्रीय उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटले. एवढ्या घसरणीनंतर बेकारांच्या झुंडी रस्त्यावर येतील, अशी अनेक तज्ज्ञांची अटकळ होती. परंतु नोंदणीकृत बेकारी अनेक वर्षे अल्पच राहिली. कामगारांना काढून टाकण्यात आले नाही, त्यांना पगार दिला गेला नाही. महिनोन् महिने वेतन थकत गेले.

मग कामगार कारखाना सोडून का गेले नाहीत, असा प्रश्न सहज मनात येतो. सोव्हिएत कारखाना हा केवळ कामाचे ठिकाण नव्हता. घर, पाळणाघर, दवाखाना, सुटीतील विश्रामगृह, भाजीसाठी जमिनीचा तुकडा, हे सारे पुष्कळदा त्याच्याच मार्फत मिळे. नाव हजेरीपटावर असणे याचा अर्थ या सोयींशी संबंध टिकवणे असा होता. शिवाय कारखान्यातील अवजारे, गाडी, दूरध्वनी यांचा उपयोग करून बाहेरची छोटी कामे करता येत. औपचारिक नोकरी ही अशा प्रकारे अनौपचारिक कमाईचे भांडवल बनली. या दोन क्षेत्रांमध्ये कुंपण असते असे पाठ्यपुस्तकांतून शिकवले जाते. प्रत्यक्षात एकच माणूस सकाळी या बाजूला व संध्याकाळी त्या बाजूला असतो.

पैशाच्या टंचाईमुळे कारखान्यांचे आपापसांतील व्यवहारही वस्तुविनिमयावर आले. समजा, विटांच्या कारखान्याकडे विजेचे बिल भरण्यास पैसे नाहीत. तो वीजकंपनीला विटा देई. वीजकंपनी त्या विटा बांधकाम करणाऱ्या संस्थेला देई आणि त्या बदल्यात तिच्याकडून दुरुस्तीचे काम करून घेई. प्रांतिक सरकारे करसुद्धा वस्तुरूपाने स्वीकारू लागली. १९९८ च्या सुमारास औद्योगिक विक्रीपैकी जवळजवळ निम्मी अशा रीतीने होत होती. आपल्याकडील बलुतेदारीत धान्याच्या मोबदल्यात सेवा मिळे; तथापि तेथे कोणाला काय द्यावयाचे हे परंपरेने ठरलेले असे. रशियन विनिमयात प्रत्येक वस्तूची कागदावरील किंमत एक आणि खरी किंमत दुसरी, त्यामुळे हिशेबाला काही अर्थच उरला नाही. कर किती गोळा झाला, हे शासनाला नेमके कळेना, आणि कर नाही म्हणून शिक्षकाला पगार नाही, असे हे चक्र होते.

काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गूस-ख्रुस्ताल्नी या गावी कामगारांना वेतनाऐवजी स्फटिकी काचेची भांडी मिळू लागली. ती घेऊन ते रेल्वेच्या फलाटांवर आणि महामार्गाच्या कडेला उभे राहत. सगळ्याच गावाकडे एकच वस्तू, मग ती गावात कोण घेणार? १९९८ साली सैबेरियातील अल्ताई प्रजासत्ताकात शिक्षकांच्या थकलेल्या पगारापोटी व्होडकाच्या बाटल्या देण्याचा प्रकार जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आला. त्याच वर्षी मे महिन्यात कोळसा खाणकामगारांनी ट्रान्स-सैबेरियन रेल्वेमार्ग अडवून धरला, आणि मॉस्कोत सरकारी कचेरीजवळील पुलावर बसून ते आपली शिरस्त्राणे दगडांवर आपटत राहिले. त्यांची प्रमुख मागणी थकलेल्या वेतनाची होती.

सहा गुंठ्यांची बाग

शहरातील रशियन कुटुंबाकडे गावाबाहेर बागेसाठी जमिनीचा लहानसा तुकडा असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. त्याचे ठरलेले माप म्हणजे ६०० चौरस मीटर. आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत सहा आर, आणि जुन्या मोजणीप्रमाणे जवळपास सहा गुंठे. वसंतात लागवड, उन्हाळ्यात खुरपणी, शरदात काढणी आणि मग बरण्या भरून लोणची व मुरंबे तळघरात रचणे, असे त्याचे वेळापत्रक असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रशियातील बटाट्याच्या उत्पादनापैकी सुमारे ९० टक्के आणि भाजीपाल्यापैकी सुमारे तीनचतुर्थांश उत्पादन अशा घरगुती तुकड्यांतून येत होते. यात खेड्यातील परसबागाही समाविष्ट आहेत.

या आकड्यांवरून गरिबांना जमिनीने तारले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु सायमन क्लार्क या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने त्यावर आक्षेप घेतला. बागेला जाण्यायेण्याचा खर्च, बियाणे, अवजारे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धडधाकट माणसांचा वेळ यांचा हिशेब केल्यास हे बटाटे स्वस्त पडत नव्हते, आणि अत्यंत निर्धन कुटुंबांना तर बाग करणेच परवडत नव्हते, असे त्यांच्या पाहणीत आढळले. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अनौपचारिक अर्थव्यवहार म्हणजे निराधारांचा आधार, असे सरसकट म्हणता येत नाही. त्यातही ज्याच्याकडे थोडे भांडवल, थोडी जमीन व चार नातेवाईक आहेत, तोच अधिक तग धरतो. असे असले तरी दुकानात उद्या काय भाव असेल याचा भरवसा नसलेल्या गृहिणीला तळघरातील बटाट्यांची पोती जी निश्चिंतता देत होती, ती रूबलच्या हिशेबात कशी मोजावी, हे क्लार्क यांच्या आकड्यांतूनही उलगडत नाही.

छप्पर

बाजार भरला, पण करार मोडणाऱ्याला जाब विचारणारे न्यायालय आणि व्यापाऱ्याचे रक्षण करणारा पोलिस या दोन्ही गोष्टी दुबळ्या होत्या. ती जागा टोळ्यांनी घेतली. व्यापाऱ्याने दरमहा हप्ता द्यावा आणि त्याबदल्यात टोळीने त्याचे ‘छप्पर’ व्हावे, असा रिवाज पडला. रशियनमध्ये त्याला ‘क्रीशा’ म्हणत. हे छप्पर इतर टोळ्यांपासून वाचवी, बुडीत येणे वसूल करून देई, आणि हप्ता चुकला तर तेच डोक्यावर कोसळे. पुढे पुष्कळ ठिकाणी टोळ्यांची जागा गणवेशातील माणसांनी घेतली. ज्या सेवेसाठी नागरिक शासनाला कर देतो, तीच सेवा येथे नोंदीबाहेर विकली जात होती. धोट्यांच्या धाडसाचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवता येणार नाही.

त्यानंतर

१७ ऑगस्ट १९९८ रोजी रशियन सरकारने कर्जफेड थांबवल्याचे जाहीर केले. डॉलरला सुमारे सहा असलेला रूबल वर्षअखेरीस वीसच्या पलीकडे गेला. परदेशी माल एकाएकी तिपटीहून महाग झाला, उधारीवर माल उचललेले असंख्य धोटे बुडाले आणि लालेलीतील दुकानांवरही अवकळा आली. पण त्याच घसरणीने देशी कारखान्यांच्या मालाला उठाव मिळाला. खनिज तेलाचे भाव वाढल्यावर शासनाच्या तिजोरीत रोकड आली, थकलेले पगार हळूहळू चुकते झाले आणि वस्तुविनिमय काही वर्षांतच ओसरला.

खुल्या बाजारांवर पुढे निर्बंध आले. १ एप्रिल २००७ पासून परदेशी नागरिकांना बाजारपेठांत किरकोळ विक्रीस मनाई करण्यात आली आणि जून २००९ मध्ये मॉस्कोचा प्रचंड चेर्किझोव्स्की बाजार बंद करण्यात आला. मात्र बाजार बंद केल्याने त्यातील माणसे नाहीशी होत नाहीत. ती दुसऱ्या बाजारात, दुसऱ्या पेठेत जातात, आणि येथेही तसेच झाले.

अधिक फलदायी ठरला तो वेगळा उपाय. १ जानेवारी २०१९ पासून मॉस्को शहर व प्रांत, कालुगा आणि तातारस्तान या चार विभागांत स्वयंरोजगारितांसाठी एक विशेष कर प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि २०२० मध्ये तो देशभर लागू झाला. शिवणकाम करणारी स्त्री, शिकवणी घेणारा शिक्षक किंवा टॅक्सीचालक मोबाईलवरूनच नाव नोंदवतो. व्यक्तींकडून मिळालेल्या उत्पन्नावर ४ टक्के आणि संस्थांकडून मिळालेल्या उत्पन्नावर ६ टक्के कर भरतो. हिशेबाच्या वह्या नाहीत, विवरणपत्र नाही, कचेरीत खेटे नाहीत. २०२४ पर्यंत या पद्धतीत नाव नोंदवणाऱ्यांची संख्या एक कोटीवर गेली. यांत काही मालकांनी आपलेच कामगार स्वयंरोजगारित दाखवून स्वतःवरील विमा-अंशदानाचा भार टाळला, अशी तक्रारही आहे आणि कर खात्याला त्यावर नजर ठेवावी लागते.

सहा गुंठ्यांच्या बागेतील बटाटे व टोमॅटो विकायला बसणाऱ्या आजीबाईला मात्र हा करही नाही. अर्धा हेक्टरपर्यंतच्या स्वतःच्या तुकड्यात, मजूर न लावता पिकवलेल्या मालाच्या विक्रीवर रशियन करसंहितेने माफी दिली आहे. त्यासाठी तिला एकच कागद लागतो : हा माल याच जमिनीत पिकला, असा दाखला. तो देण्याचा अधिकार गावच्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडे किंवा बागाईतदारांच्या संघाच्या कार्यकारी मंडळाकडे आहे.